तिसरी पिन

डुलुथमध्ये नोव्हेंबरात दुपारी चारलाच दिवा लागतो.
लोर्ना हक्कीलाच्या दुकानात तो सकाळपासूनच चालू,
मान वाकडी करून टेबलावर झुकलेला,
आणि त्याच्या उजेडात एक लोणच्याची बरणी.
बरणीत पितळी पिना.
पकडीनं तोडलेल्या, करवतीनं कापलेल्या,
एक तर दातांनी उपटली असावी अशी.

वेंडेल ओस्टबी दोन खेपा करतो.
आधी लहान अॅम्प, मग मोठा,
मग दारातच बुटांचा बर्फ आपटून काढतो.
"ह्याचा चॅनेल गोड आहे," तो म्हणतो,
"त्याचा खरखरीत. मला दोन्ही हवेत. एकदम.
शनिवारी गोदी कामगारांच्या हॉलमध्ये वाजवायचंय.
मी जोडून बघितले. आधी गुणगुण आली,
भिंतीत गांधीलमाश्या असाव्यात तशी.
ती घालवली.
पण आवाज पातळ झाला,
दुधात दूध ओतलं आणि हाती ताक आलं."

"गुणगुण घालवलीस कशी?"

तो बोलत नाही.
लोर्ना मोठ्या अॅम्पची वायर ओढते, हात-दर-हात,
तळ्यातून गळ ओढावा तशी,
आणि टोकाला प्लग येतो. दोन पिनांचा.
तिसरीच्या जागी एक छोटं चकचकीत खोड.

ती सोल्डरिंगची पेन स्टँडवर ठेवते.

मराठीत सांगताना मी तिला अर्थिंगची पिन म्हणतो,
अर्थ त्या शब्दात आयताच मिळतो.
लोर्नाच्या भाषेत ती नुसती जमीन.
वीज बिथरली तर तिला घरी जायची वाट.
वाट तोडलीस, ती म्हणते, तर ती तुझ्यातून जाईल,
तारांवर बोटं असतील आणि माइकला ओठ लागतील तेव्हा.

मग बरणी हलवते. तळाशी एक काळपट.
"ही मी तोडलेली. एकोणीस वर्षांची होते.
बँडमधल्या एका मुलासाठी.
गुणगुण थांबली म्हणून त्यानं मला मिठी मारली.
मग गायला गेला."

दिव्याचा चोक करकरतो.

"वाचला. केनोशात छपरं बसवतो.
फोन नाही करत."

आता पेडल. पत्र्याचा डबा, साबणाच्या वडीएवढा,
दोन बटणं, एका बाजूला लहानसा खटका.
आत अक्रोडाएवढा ट्रान्सफॉर्मर,
दोन वेटोळी, सोवळ्यात असल्यासारखी,
एकमेकींना शिवत नाहीत
तरी सूर पलीकडे जातो. गुणगुण मात्र अलीकडेच राहते.
"हे एवढंच लागत होतं," लोर्ना म्हणते,
"आणि तू पकड घेऊन बसलास."

मोठ्या अॅम्पला ती नवा प्लग बसवते.
तिन्ही स्क्रू दोनदा आवळते.
स्पीकरच्या वायरी ज्याच्या त्याला, हेही बजावते,
एकाचं आऊटपुट दुसऱ्याला कधीच नाही.

वेंडेल एक स्वर छेडतो. गुणगुण नाही.
पण अजून ताकच.

"एक आणि एक किती?"
"दोन."
"एक कागद पुढे ढकलतोय, दुसरा तोच वेळ साधून मागे ओढतोय.
मग किती?"
ती नखानं खटका पाडते.

आणि खोली भरते.
खालून, बुटांच्या तळव्यांतून, टेबलाच्या पायांतून,
बरणीतल्या पिना आपसूक किणकिणतात.
बाहेर धुक्यात खनिजाचं जहाज भोंगा देतं,
उचललेला पूल त्याला उत्तर देतो,
आणि वेंडेल वाजवायचा थांबत नाही,
फक्त डोळे मिटतो.

बारा डॉलर. प्लगचे. पेडल शनिवारनंतर परत.
अॅम्प गाडीत ठेवून तो पुन्हा आत येतो,
कोटाच्या खिशात चाचपडतो:
किल्ल्या, पिक, खोकल्याच्या गोळ्या,
आणि ती.

लोर्ना झाकण उघडून धरते.
टण्ण.